काळ्या जिभेचा भविष्यकाळ

फेब्रुवारी आला की जालन्यातल्या आमच्या गल्लीचा आवाजच बदलतो. संध्याकाळचं क्रिकेट बंद पडतं, झेरॉक्सच्या दुकानापुढे पोरं घोळका करतात, आणि ज्या घरांतून एरवी मालिकांची रडारड ऐकू येते तिथून पाठांतर ऐकू यायला लागतं. यंदा आमच्याही घरातून येतंय, कारण लेक दहावीला आहे. परवा मी ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. आतून तिचा कंटाळलेला सूर आला, "आय विल हॅव फिनिश्ड, यू विल हॅव फिनिश्ड, ही विल हॅव फिनिश्ड..." आणि माझ्या हातातला घाटा हातातच राहिला.

"काय गं आई, काय झालं?" लेक बाहेर आली.

"काही नाही. तुझं चालू दे."

तिचं चालू राहिलं, माझं मात्र थांबलं. इंग्रजीचा भविष्यकाळ लोकांना परीक्षेपुरता छळतो आणि सोडून देतो. मला त्याने माझ्या दहावीच्या हंगामात असे काही धक्के दिले की इतकी वर्षं झाली तरी मी त्यांतून पुरती सावरलेली नाही. नव्वद सालच्या आसपासची ही गोष्ट. आमचं गाव घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगावच्या अलीकडे. बाजार पिंपळगावचा, दहावीच्या परीक्षेचं केंद्रही पिंपळगावलाच.

पहिला धक्का तसा साधा होता. उद्या म्हणजे उद्या, तो एकच असतो, अशी आमची समजूत. आणि त्या एका उद्याबद्दलही आमच्या गावात कुणी पक्कं बोलत नसे. बाजारला जायचं तर "उद्या जातो" म्हणायचं, म्हणजे बोलता बोलता उद्याचा आज करून टाकायचा. निघालेल्या माणसाला "कुठं चालला" असं विचारायचं नाही, आणि निघालेल्या माणसाने "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. कापूस किती होईल विचारलं तर माणसं आधी आभाळाकडे बघायची, मग कानाच्या पाळीला हात लावायची आणि विषय बदलायची. असल्या गावात काझी सरांनी संक्रांतीनंतरच्या एका सकाळी फळ्यावर उभ्या रेघा मारल्या आणि उद्याचे चार खण पाडले. एक उद्या साधा, एक चालू, एक पुरा झालेला आणि एक तर चालत चालत पुरा झालेला. आम्ही आ वासून बघत राहिलो. अजून उजाडलंच नाही तो दिवस पुरा कसा होईल?

काझी सर मूळचे अंबडकडचे. घरी उर्दू, वर्गात मराठी, आणि रंगात आले की दोन्ही एका ताटात. त्यांच्या तोंडात भविष्यकाळ आला की पाठोपाठ इन्शाल्ला यायचंच. "आय शॅल कम टुमॉरो, इन्शाल्ला." घटक चाचणीत आमच्या निम्म्या वर्गाने प्रत्येक वाक्याच्या शेवटी इन्शाल्ला लिहिलं. मीही लिहिलं. आम्हाला वाटलं, भविष्यकाळाला ते लागतंच. सर पेपर हातात घेऊन इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाले, "गलत तो है, पण मार्क काटायला हात होऊन न्हाई राह्यला."

त्या वर्गात मथुरा होती. आमची अंगणं एकमेकींना लागून, त्यामुळे शाळेत जाणं-येणं, सरपण आणणं, भांडणं, सगळं एकत्र. दिसायला चारचौघींसारखीच, पण तिच्या जिभेच्या शेंड्याजवळ उडदाच्या डाळीएवढा काळा डाग होता. काळ्या जिभेचं माणूस जे वाईट बोलतं ते खरं होतं, असं आमच्याकडे मानतात. तुमच्याकडेही मानत असतील, उगाच हसू नका. मथुरा पाच-सहा वर्षांची असताना गोठ्यातल्या म्हशीकडे बघून म्हणाली होती, "आता ही उठायची न्हाई." सकाळी म्हैस खरंच उठली नाही. त्या दिवसापासून तिच्या आईचा, गयामावशीचा, हात लेकीच्या तोंडावर जो आला तो कायमचा.

तो हात मी हजारदा पाहिलाय. राखेने भांडी घासून खरबरीत झालेला, हिरव्या काचेच्या बांगड्यांचा. मावशी दुसऱ्या कुणाशी बोलत असली, पाठमोरी असली, तरी मथुरेच्या तोंडून "उद्या" किंवा "आता बघ" एवढं निघालं की तो हात न बघता बरोबर तिच्या ओठांवर जायचा. "झालेलं बोल, माय. व्हायचं बोलू नको." मारझोड नाही, शिव्या नाहीत. माया होती त्यात, आणि म्हणूनच आता आठवलं की अंगावर काटा येतो. पेरणीच्या दिवशी तिला शेतात नेत नसत. कुणाच्या डोहाळजेवणाला, कुणाच्या सुपारी फोडायच्या कार्यक्रमाला तिला बोलावणं नसे. मोठी होऊन काय व्हायचं, हे तिने मला एकदाही सांगितलं नव्हतं. बिचारी फक्त झालेलं बोलायची, आणि तेही असं झकास की ऐकत राहावं. इंग्रजीतला भूतकाळ तिला कधी शिकवावाच लागला नाही.

भविष्यकाळ लागला तशी ती मुकी झाली. सर वाक्य विचारायचे, ती उभी राहायची आणि पायाच्या अंगठ्याकडे बघायची. मग तो तिसरा खण आला, पुरा झालेला उद्या. सर म्हणाले, "इसमें क्या करना, उद्याच्या पुढं जाऊन उभं राहायचं अन वळून पाहायचं. काम झालेलं दिसंल."

मथुरेने आपणहून हात वर केला. असं याआधी कधीच घडलं नव्हतं. "सर, म्हंजी ह्याच्यात झालेलंच बोलायचं?"

"बिलकुल बराबर, बेटा. बोल एक वाक्य."

वर्गात अशी शांतता पसरली की बाहेरच्या हातपंपाचं कुरकुरणं ऐकू आलं. मागच्या बाकावरून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "मथुरे, माझं नाव घेऊ नको बरं." ती खिडकीबाहेर बघत होती. हातपंपाला लागून शाळेच्या आवाराची कच्च्या विटांची भिंत होती, तिच्या पलीकडे रस्ता. ती म्हणाली, "बाय होळी, दॅट वॉल विल हॅव फॉलन." होळीपर्यंत ती भिंत पडलेली असेल.

"शाब्बास! एकदम दुरुस्त!" सरांनी टाळ्या वाजवल्या. वाजवणारे ते एकटेच होते. आम्ही सगळे त्या भिंतीकडे बघत होतो.

होळीला अजून अवकाश होता. रविवारची दुपार. गावातून उसाच्या ट्रॉल्या अंकुशनगरच्या कारखान्याकडे जायच्या, पोरं मागे पळून कांड्या ओढायची. त्या दुपारी एक भरलेली जोडट्रॉली शाळेच्या वळणावरून गेली आणि मागोमाग असा आवाज आला की आमच्या चुलीवरची भाकरी टाकून आई बाहेर पळाली. आम्हीही धावलो. धुरळा खाली बसला तेव्हा हातपंप तेवढा उभा होता. भिंत रस्त्याच्या कडेला आडवी झाली होती. सुट्टी होती म्हणून कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण मी रात्रभर एकच आठवत होते, मागच्या महिन्यात भांडताना मथुरा मला काय काय बोलली होती.

गयामावशीने तिचं घराबाहेर पडणं बंद केलं. तोंडाला पदर बांधायचा तेवढा बाकी ठेवला. शेवटी काझी सर घरी आले, ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "मावशी, पोरीच्या जबानीत काही न्हाई. पंपाचं पाणी रोज त्या भिंतीच्या बुडात मुरून राह्यलं होतं, ट्रॉल्या रोज घासून जाऊन राह्यल्या होत्या. साऱ्या गावानं पाह्यलं न्हाई, हिनं पाह्यलं. ही जबान न्हाई, नजर हाये."

मावशीचा चेहरा आणखी उतरला. "म्हंजी सर, नजर पण वाईट हाये का तिची?"

सरांनी कपाळाला हात लावला. तरी बोलून बोलून पोरीला शाळेत न्यायचं तेवढं कबूल करून घेतलं. मला सरांचं म्हणणं तेव्हा फारसं पटलं नव्हतं. पुढे कितीतरी वर्षांनी मी मथुरेला त्या म्हशीबद्दल विचारलं. ती सहज म्हणाली, "ती दोन दिवस रवंथ करून न्हाई राह्यली होती. मी तिच्याजवळच बसून होते ना." म्हणजे एवढ्या वर्षांत तिला कुणी एकदा साधं विचारलंसुद्धा नव्हतं, पोरी, तुला कसं कळलं? मलाही ते तोवर सुचलं नव्हतं.

पण खरा धक्का तर गावाने पुढे जे डोकं चालवलं त्याचा. वर्गातल्या कुणाच्या तरी मनात आलं, हिचं वाईट बोललेलं खरं होतंय तर चांगलं बोललेलं का होणार नाही? पहिल्यांदा एकजण खिशातून बोरं घेऊन आला. "मथुरे, मी इंग्रजीत पास होईन म्हण." दुसऱ्या दिवशी बाजारातली गोडीशेव आली. मग रेवड्या आल्या, पेरू आले. पडलेल्या भिंतीच्या विटांवर मथुरा बसायची, समोर रांग, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून ती म्हणायची, "यू विल पास." इंग्रजीतच, कारण एकतर सगळ्यांना धसका त्याच पेपरचा होता, आणि दुसरं म्हणजे गयामावशीला इंग्रजी कळत नव्हतं. शेजारच्या गावची पोरंही सायकलवर यायला लागली. नाक मुरडणारे फक्त दोघे-तिघे होते. मी गुडदाणी दिली आणि माझंही पास होणं पदरात पाडून घेतलं. घरी जाऊन अपेक्षित प्रश्नांचं पुस्तक मिटून फळीवर ठेवलं. इतकी निश्चिंत झोप मला पुन्हा कधी लागली नाही.

मथुरेचा चेहरा मात्र त्या दिवसांत बघण्यासारखा झाला होता. उन्हात बसून गाल तांबडे झालेले, बांधाच्या आंब्याला मोहोर आलेला, त्याचा वास सगळीकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा लोक तिला बोल बोल म्हणत होते. एका संध्याकाळी रांग संपल्यावर मी म्हटलं, "तू तुझं पण म्हण की."

"न्हाई गं."

"का?"

"माझं मी म्हणले अन काही उलटं झालं, तर जालना राहून जाईल."

जालन्याचं तिचं सगळ्या गावाला माहीत होतं. तिच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, दिवाळीतच सांगून टाकलं होतं, पास झाली तर जालन्याला मामाकडे ठेवून पुढं शिकवतो, नापास झाली तर पाहुणे बघून ठेवलेत. अण्णा सरळ माणूस. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच सुरात सांगितल्या होत्या आणि दोन्ही ते पाळणार होते. मथुरेला जालन्याला जायचं होतं, इतकं जायचं होतं की ते ती मोठ्याने म्हणू शकत नव्हती. मी तरी तिच्या डोळ्यांत बघून "यू विल पास" म्हणायला हवं होतं, असं आज वाटतं. पण माझी जीभ आपली साधी तांबडी. तिला कोण विचारतो!

इंग्रजीच्या पेपरला निबंध आला, परीक्षेनंतर मी काय करणार. मी पानभर लिहिलं. मामाचं गाव, आंबे, पोहायला शिकणं, सगळं विल-शॅल लावून, शेवटी सवयीने इन्शाल्लासुद्धा. पेपर सुटल्यावर आम्ही जीपमध्ये दाटीवाटीने बसलो. उन्हाची तलखी, कुणाच्या तरी मांडीवर कोंबड्या. अर्ध्या वाटेत मथुरा म्हणाली, "मी निबंध सोडून दिला."

"आख्खा? अगं का?"

"मी काय करणार ते लिहायचं होतं ना. पेन टेकवला, अन मायचा हात तोंडावर आल्यासारखं झालं गं."

मावशी तर तेव्हा मैलभर लांब, घरी ज्वारी उफणत बसलेली. मी मथुरेकडे बघत राहिले. हात कुणाचा कुठवर पोचतो, हे मला त्या जीपमध्ये कळलं.

आता सांगितलं तर खोटं वाटेल, पण ही मथुरा आज विम्याचं काम करते. लोकांच्या दिवाणखान्यात बसून, चहाचा घोट घेत, थेट तोंडावर सांगते, "भाऊ, उद्या तुम्ही नसाल तेव्हा वहिनींचं काय?" मागच्या दिवाळीत ती आमच्याकडे आली आणि माझ्या नवऱ्याला त्याच्या मरणानंतरचा सगळा हिशोब समजावून सांगू लागली, तेव्हा मी दारात हात जोडून उभी होते. तिला त्याचं काहीच वाटत नाही. माणूस काय म्हणून बोलायला एवढं घाबरतं, हेच तिला कळत नाही. तिच्या तोंडावरचा तो हात कसा उठला, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मलाही कळलं नसतं.

तो निकालाचा दिवस होता. जूनची दुपार, वखरलेली रानं तापून पडलेली. हेडमास्तर निकाल घेऊन एसटीतून उतरले आणि कुणाशी न बोलता शाळेत शिरले, तेव्हाच आम्ही काय ते ओळखलं. वर्गाच्या वर्ग इंग्रजीत झोपला होता. ज्या ज्या पोराने रांगेत उभं राहून बोरं, शेव, रेवड्या दिल्या होत्या ते एकूणएक नापास. मीही त्यात. पास झाले ते नाक मुरडणारे दोघे-तिघे, ज्यांना मथुरेने काहीच म्हटलं नव्हतं म्हणून बिचाऱ्यांना अभ्यास करावा लागला होता. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा. आणि मथुरा? तीही नापास. सोडलेल्या निबंधाने तिला खड्ड्यात घातलं होतं.

संध्याकाळी गल्लीत मयत झाल्यासारखी कळा होती. आमच्या घरात आई चुलीशी डोळे पुसत होती आणि मी धान्याच्या कणगीआड लपले होते. तेवढ्यात दारात गयामावशी उभी. हातात पितळी, पितळीत साखर.

"घे गं, साखर घे."

आई बघतच राहिली. "कशाची साखर? मथुरा पास झाली का?"

"न्हाई. ती बी नापास."

"मंग गये, डोकं फिरलं का तुझं? पोरायची ही गत झाली अन तू गावभर साखर वाटून राह्यली?"

"अगं, ऐक तर!" मावशी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. असं हसणं-रडणं मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही. "समद्या पोरायला माझी लेक म्हणली होती ना, पास व्हाल म्हणून? मला आज कळलं. झालं का कुणी? एक तरी झालं का? न्हाई ना? मंग तिच्या जिभेत काही न्हाई गं! काहीच न्हाई! साधी जीभ हाये माझ्या लेकराची. अन मी इतके वर्सं..."

आई उभीची उभी राहिली. शेजारच्या दोघी-तिघी भांडायला म्हणून धावून आल्या होत्या, त्याही तिथेच थिजल्या. गावातली जवळजवळ सगळी पोरं नापास झाली, आणि एका आईच्या जन्माचं ओझं उतरलं होतं. कुणी साखर घेतली, कुणी नाही घेतली. मावशी वाटत वाटत आपल्या अंगणात परतली, आणि आम्ही सगळ्या तिच्या मागोमाग गेलो.

ओट्यावर अण्णा बसले होते. त्यांनी पितळीकडे पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाले, "साखर कशाला वाटून राह्यली? पोरगी नापास झाली. बोलणं झाल्याप्रमाणं मी उद्या पाहुण्यायला निरोप धाडतो."

मथुरा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले. तिने आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"अण्णा," ती म्हणाली, "मी ऑक्टोबरला परत बसंन. अन पास होईन."

मराठीत. सगळ्यांसमोर, मोठ्याने. तिच्या तोंडून असं वाक्य आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. आणि त्याच क्षणी गयामावशीचा हात उठला. त्याच बांगड्या, तोच खरबरीत हात, तसाच न बघता लेकीच्या तोंडाकडे निघालेला. आईने माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं, संपलं.

हाताची मूठ होती. मावशीने ती मथुरेच्या ओठांपाशी नेऊन उघडली आणि मूठभर साखर तिच्या तोंडात घातली.

"तुझ्या तोंडात साखर पडो, माय," ती म्हणाली. मग अण्णांकडे वळून, "ऑक्टोबरला बसंल ती. निरोप धाडायचा न्हाई." आणि पुन्हा लेकीकडे बघून, "बोल, अजून बोल."